लाकडाचा बैल

दरवर्षी श्रावण संपत आला की आमच्या ऑफिसात एक संवाद हमखास होतो. मी रजेचा अर्ज टाकतो. मॅनेजर विचारतो, "गणपतीला वेळ आहे ना अजून?" मी म्हणतो, "पोळा आहे." "अच्छा, बैलपोळा! मग दोन दिवस कशाला?" "दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो ना." इथे समोरच्याचा चेहरा एकदम कोरा होतो.

तर ज्यांचा चेहरा आत्ता तसाच झालाय त्यांच्यासाठी थोडक्यात. श्रावण अमावस्येला पोळा, तो खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या प्रतिपदेला, आमच्या विदर्भात मुलांचा पोळा असतो. त्यात बैल लाकडाचा. बैलाखाली पाटी, पाटीला चार चाकं, पुढे दोरी. पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. मुलं नवे कपडे घालून हा बैल ओढत घरोघरी जातात. दारात बैलाला आणि मुलाला ओवाळतात आणि मुलाच्या हातावर खाऊ नाहीतर पैसे ठेवतात. त्याला म्हणायचं बोजारा. आमच्या लहानपणी चार आणे, आठ आणे मिळायचे. एखाद्या दिलदार घरी रुपया. आयुष्यातला पहिला परफॉर्मन्स बोनस म्हणा ना :)

माझं गाव गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव बांधच्या अंगाला. आमच्या घरी एक लाकडी बैल आहे. माझ्या वडिलांनी तो ओढला, मग दादाने, मग मी, आणि आता दादाच्या मुलाकडे आहे. मागच्या वर्षी माझी लेक चार वर्षांची झाली. तिच्यासाठी बैल हवा होता. ऑनलाइन शोधला तर लेझरने कापलेल्या प्लायचे चपटे बैल मिळाले, जोडणी घरी करायची, स्क्रू सोबत. म्हटलं, छे. आपण स्वतः करू. दिवसभर नुसती अक्षरं टाइप करणाऱ्या माणसाला अधूनमधून असा झटका येतो.

सोसायटीत वादळात पडलेल्या झाडाची एक फांदी उचलून आणली. मनगटाहून जाड. तिच्या काकडीसारख्या चार चकत्या कापल्या. तयार चाकं! किती सोपं! तीन आठवड्यांत चारही चाकांना काठापासून मध्यापर्यंत चिरा गेल्या. चार पाय असलेला, चाकं नसलेला आणि एक पाय ऑलरेडी तुटलेला बैल पिशवीत घालून पोळ्याच्या दोन दिवस आधी महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलो. (ही गाडी कोल्हापूर ते गोंदिया जाते. महाराष्ट्र केवढा लांब आहे हे नकाशात कळत नाही, या गाडीत कळतं.)

गावात एक वाढईकाकाजी आहेत. पश्चिमेकडे ज्याला सुतार म्हणतात त्याला आमच्याकडे वाढई म्हणतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. माझी पिशवी उघडून त्यांनी एक चकती हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, "काहून बाबू, फांदीचं चाक कोनी करते का? खाचराचं चाक पाह्यलं नाहीस का कधी?"

पाहिलं होतं हो, हजारदा. नीट पाहिलं नव्हतं. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. खोडाच्या घेराच्या दिशेने ते साधारण दुप्पट आकसतं, गाभ्याकडे त्याच्या निम्मं. त्यामुळे गोल चकती चिरणारच, तिला दुसरा मार्गच नाही. म्हणून तर खाचराचं, म्हणजे बैलगाडीचं, चाक एका तुकड्याचं नसतं. मधे तुंबा, त्यात आरे, बाहेर वाकडे तुकडे जोडून केलेला घेर, आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव थंड झाली की आवळते आणि सगळं घट्ट धरते. खेळण्याच्या चाकाला एवढा खटाटोप लागत नाही, पण ते उभ्या फळीतून कापायचं असतं, फांदीच्या चकतीतून नाही.

पाय तुटण्याचंही कारण तेच. मी अख्खा बैल एका ठोकळ्यात कोरला होता. लाकडाचे रेषे आडवे, पाठीच्या दिशेने. साहजिकच पायांत रेषे आडवे आले, आणि आडव्या रेषांचा बारीक तुकडा बिस्किटासारखा मोडतो. काकाजींची पद्धत अशी की धड वेगळं, पाय वेगळे. पायांचे रेषे उभे ठेवायचे, धडाला गिरमिटाने भोकं पाडायची आणि पाय ठोकून बसवायचे. मान आणि वशिंड मात्र धडातच. यात काहीही सिक्रेट नाही. पण हे मला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नव्हतं.

दोन दिवस मी त्यांच्या ओसरीवर बसून होतो. ते वाकसाने तासायचे, मी कानस आणि काचपेपर मारायचो. म्हणजे सिनियर आणि ट्रेनी. आणि हात चालू असले की डोकं मोकळं असतं. हे सगळं सुरू कुणी केलं, हा प्रश्न तिथेच पडला.

नागपूरकडे याचं उत्तर तयार असतं. तान्हा पोळा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केला, मुलांना बैलाचं महत्त्व कळावं म्हणून. हे रघुजी १७८८ ते १८१६ नागपूरच्या गादीवर होते. सुरुवातीचं साल सहसा १८०६ सांगतात. तसं असेल तर काळ मोठा विचित्र होता. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावची लढाई हरली, डिसेंबरात गाविलगड गेला आणि त्याच महिन्यात देवगावच्या तहाने कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड इंग्रजांना द्यावा लागला. अर्धं राज्य गेलेला राजा लेकरांना लाकडी बैल वाटतोय, हे चित्र मला आवडतं. पण आवडलं म्हणून खरं मानावं असं नाही. ही गोष्ट लोक सांगत आले आहेत, एवढंच माझं म्हणणं.

आता जरा सीमेपलीकडे बघू. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेला छत्तीसगड. तिथे याच अमावस्येला 'पोरा' असतो, आणि मुलं चाकांचा बैल ओढतात. त्याला म्हणतात नंदिया बइला. मुली मातीची भांडी आणि मातीचं जातं घेऊन खेळतात. तिथला बैल बहुतेक कुंभाराचा, मातीचा असतो. याचा अर्थ काय लावायचा? छत्तीसगडही नागपूरकर भोसल्यांच्याच ताब्यात होतं. तेव्हा प्रथा राजामुळे तिकडे पसरली असंही म्हणता येतं. किंवा प्रथा दोन्हीकडे आधीचीच होती आणि राजाने नागपुरात तिला मिरवणूक, दिवस आणि मान दिला असंही म्हणता येतं. माझा कल दुसऱ्याकडे. कारण चाकावरचा प्राणी ही कल्पना राजेलोकांपेक्षा फारच जुनी आहे.

मोहेंजोदडोला मातीच्या खेळण्यातल्या गाड्या सापडल्या आहेत, आणि मान हलवणारा मातीचा बैलही. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या! आणि तेवढं लांब जायचंही कारण नाही. आपल्या प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे झाडाचं मूळ खणताना एका गावकऱ्याला चार कांस्य वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ, त्यात उभा हाकणारा. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर. ही काही पोराने ओढायची खेळणी नव्हेत. त्यांचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वी २००० च्या आसपास धरतात. पण प्राण्याच्या पायांखाली चाकं लावायची आयडिया महाराष्ट्राच्या मातीत तेव्हापासून आहे, एवढं नक्की.

मग लाकडाची का सापडत नाहीत? कारण लाकडाला वाळवी लागते. कांस्य म्युझियममध्ये जातं, भाजलेली माती जमिनीत टिकते, आणि लाकडाचं खेळणं मोडलं की चुलीत जातं. बहुतेक मुलांच्या हातात होतं तेच नेमकं मागे उरलेलं नाही.

ते करत कोण होतं हे मात्र माहीत आहे. रसेल आणि हिरालाल यांचा मध्यप्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली आला. गावाच्या सुताराबद्दल त्यात लिहिलंय ते काकाजींच्या तोंडून ऐकल्यासारखंच आहे: शेतकऱ्यांचे नांगर, वखर, गाडीचे लाकडी भाग करायचे, दुरुस्त करायचे, आणि बदल्यात वर्षाला धान्य घ्यायचं. लाकूड यायचं जंगलातून. गाव मालगुजाराचं असलं तरी शेतीच्या अवजारांना लागणारं लाकूड आणि जळण घ्यायची गावकऱ्यांना मुभा असे. त्याला निस्तार म्हणत. १९५१ साली मालगुजारी संपली, जंगलं सरकारकडे गेली, निस्तार सरकारी नियमांत आला. माझे आजोबा जन्मले मध्यप्रांतात, मग मध्य प्रदेशात राहिले, मग मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात. गाव एकच. गोंदिया जिल्हा तर १९९९ साली झाला, तोपर्यंत आम्ही भंडाऱ्याचे.

थोडक्यात, बैलाच्या खेळण्यासाठी कुणी मुद्दाम झाड तोडत नव्हतं. नांगराचं काम झालं की जे उरे त्यातून बैल होत असे. काकाजी म्हणाले, त्यांचे वडील रोवणीच्या आधी अवजारं दुरुस्त करताना चांगले तुकडे एका कोपऱ्यात टाकून ठेवायचे. धानाची रोवणी संपली, बांध्या हिरव्या झाल्या, बैलांना आणि माणसांना जरा उसंत मिळाली की त्या तुकड्यांचे बैल व्हायचे. पोळा नेमका तेव्हाच येतो.

आणि मग त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या घरच्या बैलाच्या पोटात भोक हाय ना अजून?"

आहे ना! धडाला एक भोक आहे, आरपार, अंगठा जाईल एवढं. लहानपणी मी आणि दादा त्यात चिंध्या कोंबून आत बोजारा लपवायचो. मला वाटायचं कुणीतरी चुकून पाडलंय.

"ते शिवळीचं भोक हाय, बाबू. तुह्या आज्यानं तुटलेलं जू आनलं होतं माह्या बापाकडं. त्याचाच बैल केला."

जू म्हणजे बैलांच्या मानेवरचं आडवं लाकूड. त्याला भोकं असतात, त्यांत शिवळा, म्हणजे खुंट्या, घालतात. मानेच्या दोन बाजूंना, बैल बाहेर सरकू नये म्हणून.

संध्याकाळी वडिलांना विचारलं. ते आधी काही बोलले नाहीत. मग सांगितलं. आजोबा सालदार होते. सालदार म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या मोबदल्यावर दुसऱ्याच्या शेतात राबणारा गडी. दोन जोड्या सांभाळायचे, चिखलणीला गुडघाभर चिखलात त्यांच्यामागे चालायचे. पोळ्याच्या दिवशी बैलांना न्हाऊ घालून, खांद्यांना तूप-हळद चोळून, सजवून तोरणाखाली तेच उभे करायचे. पण बैल मालकाचे. वडील पाच-सहा वर्षांचे असताना घरी येऊन रडले होते की सगळे आपापले बैल नेतात, आपले कुठे आहेत? आजोबांनी मालकाकडे मोडकं जू मागितलं. चुलीत जाणारच होतं ते. मालकाने दिलं. वाढईने त्या कामाचं काही घेतलं नाही.

वडील पुढे मास्तर झाले. शेत थोडंसं घेतलं, पण बैल कधी घेतले नाहीत. म्हणजे आमच्या घराण्याने स्वतःचा म्हणून जो एकमेव बैल बाळगला तो हा, वीतभर लांबीचा, ज्या जुवाखाली दुसऱ्याचे बैल वाकले त्याच जुवाचा. मी पस्तीस वर्षं त्या भोकात चिंध्या कोंबत होतो.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाचं नाव मराठी माणसाला देवलांच्या संगीत नाटकामुळे माहीत असतं. मृच्छकटिक म्हणजे मातीची गाडी. गरीब झालेल्या चारुदत्ताचा लहान मुलगा शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी बघून रडतो, त्याला मातीची नको असते, आणि वसंतसेना आपले दागिने काढून त्याच्या गाडीत भरते. एवढ्या मोठ्या नाटकाला नाव मिळालं ते या खेळण्याचं! शाळेत हे वाचलं होतं तेव्हा मला त्याचं कारण कळलं नव्हतं. वडिलांचं ऐकून कळलं. खरी वस्तू कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, हे मुलाला पहिल्यांदा कळतं ते खेळण्यावरून.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली गेलो. माझ्या लहानपणी तिथे मोजता येणार नाहीत एवढ्या जोड्या असायच्या. मागच्या वर्षी सात होत्या. बाकी सगळ्यांचं ट्रॅक्टरवर भागतं. यात आमचंच गाव वेगळं आहे असं नाही. देशाच्या पशुगणनेत २०१२ साली बैल आणि गोऱ्हे धरून नर गोवंश सुमारे ६ कोटी ७९ लाख होता, २०१९ मध्ये तो सुमारे ४ कोटी ७४ लाख राहिला. सात वर्षांत दर दहातले तीन कमी! गळे काढायला मी काही शेतकरी नाही. चिखलणीला बैलामागे चालणं म्हणजे काय ते आजोबांच्या पायांना माहीत होतं, आणि ट्रॅक्टर आला तेव्हा त्या वयाच्या कुणालाही वाईट वाटलं नसणार. पण एक गंमत झाली. ज्या मालकाच्या जुवाचा आमचा बैल, त्या घरच्या गोठ्यातही आता बैल नाहीत. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला त्यांचा नातू लाकडाचाच बैल घेऊन आला. नागपूरहून आणलेला, चांगला कमरेएवढा, चकचकीत ऑइलपेंटचा. सोन्याच्या गाड्या संपत नाहीत म्हणा! पण बैल त्याचाही लाकडाचा आणि रांग एकच.

माझ्या लेकीचा बैल तिथे सगळ्यांत वाकडा होता. एक कान लहान, एक मोठा (तो मोठा मी केलेला). काकाजींकडे सागवान शिल्लक नव्हतं. आमचं जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा वडिलांनी दाराची चौकट ठेवून दिली होती, तिचा एक तुकडा काढला. कापल्यावर पोटाच्या बाजूला बिजागरीच्या खिळ्यांची तीन भोकं निघाली. काकाजी पुट्टी भरायला निघाले होते. मी म्हटलं, "राहू द्या काकाजी." ते माझ्याकडे बघून हसले आणि पुट्टीचा डबा ठेवून दिला.

लेकीने बावीस घरं केली. एकशे चाळीस रुपये आणि दोन खिसे भरून चॉकलेटं जमली. परतताना वाटेत एक खरा बैल बांधलेला होता, आदल्या दिवशीचा रंग अजून शिंगांवर. ती बराच वेळ बघत उभी राहिली. मग वाकून त्याच्या पायांकडे पाहिलं आणि मला विचारलं,

"बाबा, याची चाकं कुठायत?"

काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. वडील शेजारी होते. त्यांनी तिचा हात धरून हळूच बैलाच्या खांद्यावर ठेवला, जिथे जुवाने घट्टा पडलेला असतो तिथे.

असो. पुण्यात आल्यापासून मागचं डावं चाक जरा कुरकुरतंय. या वीकएंडला तेल घालायचं आहे.